पायाखालचे बटण

आमचे भाईजान 19 वर्षे न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवत आहेत. बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की तीन-तीन तास चाक हलत नाही. खाली उतरायची सोय नाही, आडोसा नाही. म्हणून ही मंडळी पाणीच कमी पितात. पाणी नको म्हणजे लघवी नको, असा साधा हिशेब. त्या हिशेबाची बाकी भाईजानच्या उजव्या किडनीत साचत होती. हे आम्हाला कळले ते एका रात्री दोन वाजता, भाभींनी दार ठोठावले तेव्हा. भाईजानना पलंगावर बसवत नव्हते आणि झोपवतही नव्हते. मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांनी सोसली नाही त्यांना सांगून कळायचे नाही.

सकाळी उलव्यातच सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. खडा 22 मिलिमीटरचा निघाला. एवढा खडा औषधाने किंवा कुळथाच्या कढणाने पडत नाही, ऑपरेशन करावे लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. अम्मी तिथेच रडू लागल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर अब्बांची कूस होती. अब्बांचाही खडा ऑपरेशनने काढला होता, चाळीस वर्षांपूर्वी. त्यांच्या कुशीवर बरगडीखालून पोटाकडे गेलेला वीतभर व्रण होता. लहानपणी आम्हाला वाटायचे, अब्बांना कुणीतरी तलवार मारली असावी. त्या ऑपरेशननंतर ते दीड महिना कामावर गेले नव्हते.

आता तसे कापत नाहीत. पाठीतून एक लहान भोक पाडतात, त्यातून दुर्बीण आत घालतात, खडा आतच फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस घरी. हे काम पहिल्यांदा स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या डॉक्टरांनी करून दाखवले आणि 1976 मध्ये ते जगापुढे मांडले. आपल्याकडे लोक त्याला नुसते ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात. पण दुर्बीण ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी सुई किडनीत नेमक्या जागी पोचली पाहिजे, आणि डॉक्टरला तर बाहेरून फक्त पाठ दिसते. तिथे एक्स-रे लागतो. आम्ही आज लिहिणार आहोत ते या एक्स-रेबद्दल. आमच्या घरात त्याचा विचार कुणीही केला नव्हता. आम्हीही नाही.

उलट आम्ही एक घोळ करून बसलो होतो. मुंबईतल्या एका डॉक्टरांचेही मत घ्यावे असे ठरले. सकाळच्या घाईत सीटी स्कॅनची सीडी घरच्या कपाटात राहिली. तिथे म्हणाले, चित्र नसेल तर पुन्हा काढावे लागेल. परत उलव्याला कोण जाणार, दिवस फुकट जाणार, म्हणून आम्ही पुन्हा काढून घेतले. पैसे गेले त्याची हळहळ आम्हाला तेव्हाच वाटली. दुसरे काय गेले ते पुढे कळले.

ऑपरेशन मुंबईतच करायचे ठरले. भरती व्हायच्या दिवशी आम्ही अटल सेतूवरून निघालो. उलव्याच्या लोकांना हा पूल आता अंगणातला झाला आहे, टोल मात्र अजून अंगवळणी पडलेला नाही. पलीकडच्या टोकाच्या अलीकडे उजव्या हाताला एका ठिकाणी कठड्यावर उंच आडोसा सुरू होतो आणि खाडी दिसेनाशी होते. भाईजान त्या अवस्थेतही म्हणाले, “तिकडे ट्रॉम्बेचे अणुकेंद्र आहे. बघायची मनाई.” आम्ही मान डोलावली. त्या आडोशामागच्या एका लहानशा वस्तूची गाठ आम्हाला त्याच संध्याकाळी पडायची होती, याची कल्पना नव्हती.

वॉर्डात भाईजानना कॉट मिळाली. मगरिबच्या सुमारास निळ्या कपड्यांतली एक मुलगी आली, कागद तपासू लागली, आणि आमच्याकडे बघून थांबली.

“अस्सलामु अलैकुम सर. ओळखलंत?”

चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना. बारा वर्षांपूर्वी दहावीला आमच्याकडे मराठीला होती. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठीचा पेपर म्हणजे डोंगर वाटतो, आणि ही मुलगी निबंधात हमखास अडकायची. अर्जलेखनात मात्र पैकीच्या पैकी. आता ती ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होती. उद्याच्या यादीत भाईजानचे नाव बघून म्हणाली, “काकांच्या केसला मीच आहे.” आम्हाला केवढा धीर आला. आपले माणूस आत असले की बाहेर बसणे सोपे जाते.

तिच्यासोबत आलेल्या मुलाच्या छातीवर काडेपेटीएवढी एक प्लॅस्टिकची पट्टी लावलेली होती. मास्तरांना गप्प बसवत नाही. आम्ही विचारले, हे काय? तो म्हणाला, “टीएलडी बॅज. एक्स-रे किती लागला ते मोजतो.” आत तीन चकत्या असतात. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम नावाचे मूलद्रव्य अगदी थोडे घालून त्या केलेल्या असतात. किरणे पडली की ती ऊर्जा चकतीत अडकून राहते. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवतात, अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, आणि त्या उजेडावरून कळते की माणसाला किती मात्रा मिळाली. आपल्या देशातली ही बॅजची पद्धत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली. आडोशामागची वस्तू ती हीच.

आम्ही मुलीला विचारले, “तुझा बॅज कुठे आहे बेटा?”

“लॉकरमध्ये, सर.”

मुलगा निघून गेल्यावर तिने सांगितले. तिला अडीच महिने झाले होते. घरी माहीत होते, नवऱ्याने आणि सासूने नोकरी सोड म्हणून सांगितले होते. हॉस्पिटलात तिने कुणालाच सांगितले नव्हते. नोकरी कंत्राटाची. आधीच्या एका मुलीने सांगितले तेव्हा पुढचे कंत्राट झालेच नाही, अशी तिथे चर्चा होती. आणि बॅज? “रीडिंग जास्त आलं तर घरी बसवतात म्हणे. म्हणून मी तो काढूनच ठेवते.”

आम्ही दहावीला अर्जलेखन शिकवतो. किरणांबद्दल आम्हाला आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाएवढेच ज्ञान. पण एवढे समजले की उद्या भाईजानच्या पाठीवर वीतभर व्रण पडणार नाही, त्याची काही किंमत ही मुलगी देणार आहे, आणि ती कुठे मोजलीसुद्धा जाणार नाही.

रात्री डॉक्टर राउंडला आले. माणूस भला, बोलायला निवांत. मुलीने आमच्याकडून शब्द घेतला होता, त्यामुळे तिचे नाव घेता येत नव्हते. आम्ही आडून विचारले, “डॉक्टरसाहेब, उद्या आतमध्ये एक्स-रे किती वेळ चालेल?” ते थोडे चमकले. म्हणाले, “हे मला पेशंट कधी विचारत नाहीत. खर्च विचारतात, टाके विचारतात.” मग ते कॉटच्या कडेला टेकले आणि अर्धा तास बोलले. त्यातले आमच्या लक्षात राहिले आणि नंतर आम्ही वाचून ताडून पाहिले ते असे.

थिएटरमध्ये इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे एक यंत्र असते, सी-आर्म. एका टोकाला एक्स-रे सोडणारी नळी, दुसऱ्या टोकाला ते झेलणारा भाग, मधे टेबलावर रुग्ण. यंत्राचे पेडल डॉक्टरच्या पायाशी असते. पेडल दाबले की पडद्यावर आतले चित्र जिवंत दिसू लागते, सुई कुठे चालली ते कळते. पाय उचलला की किरणे बंद. म्हणजे सारा खेळ त्या पायाखालच्या बटणाचा आहे. नवखा डॉक्टर विचार करत असतानाही पाय ठेवून उभा राहतो. सरावलेला क्षणभर दाबतो, सोडतो, आणि पडद्यावर गोठलेले शेवटचे चित्र बघून पुढचे काम करतो. हात तेच, खडा तोच, आणि किरणांचा वेळ कितीतरी कमी. शिवाय यंत्राला सलग किरणांऐवजी तुटक झटक्यांनी चित्र घ्यायला सांगता येते. सिनेमात सेकंदाला जितकी चित्रे लागतात तितकी इथे लागत नाहीत, थोडक्यातच काम भागते.

आणखी एक गोष्ट. किरणे रुग्णाच्या अंगातून नुसती आरपार जात नाहीत. नळाखाली पालथी वाटी धरली की पाणी चहूकडे उडते, तशी ती अंगावर आपटून इकडेतिकडे उडतात. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन यांना लागतात ती ही उडालेली किरणे. ज्या बाजूने किरणे अंगात शिरतात त्या बाजूला ती जास्त उडतात. म्हणून नळी टेबलाच्या खाली ठेवायची, वर नाही. मग जास्तीचा मारा जमिनीकडे जातो, डोळे आणि मान वाचतात. झेलणारा भाग रुग्णाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा. झरोका आवळून फक्त किडनीपुरता उघडायचा, सगळ्या पोटाचे चित्र घेत बसायचे नाही. याने चित्रही स्वच्छ येते. रुग्ण जाड असेल तर यंत्र आपोआप जोर वाढवते. हे सांगताना डॉक्टरांनी भाईजानच्या पोटाकडे पाहिले, आणि भाभी पहिल्यांदा हसल्या.

आम्हाला सर्वांत जास्त पटले ते अंतराचे गणित. एका मीटरवर जितकी किरणे लागतात, दोन मीटरवर त्याच्या सुमारे चौथाईच लागतात. दोन पावले मागे सरकायला पैसे पडत नाहीत. ज्याचे टेबलाशी काम नाही त्याने पेडल दाबण्याआधी मागे व्हायचे, आणि पेडल दाबणाऱ्याने आधी तोंडाने सांगायचे. डॉक्टर म्हणाले, “आम्ही ‘एक्स-रे’ असे मोठ्याने म्हणतो. सगळेच म्हणत नाहीत.”

शिशाचा ॲप्रन सगळ्यांना माहीत असतो. पाव मिलिमीटर शिशाइतका जाड ॲप्रन उडालेली बहुतेक किरणे अडवतो. पण तो घडी करून खुर्चीवर टाकला की आतला थर चिरतो, आणि चीर बाहेरून दिसत नाही. म्हणून तो हँगरवर टांगायचा आणि अधूनमधून त्याचाच एक्स-रे काढून तपासायचा. गळ्याला थायरॉइडचा पट्टा हवा. डोळ्यांसाठी शिशाचा चष्मा असतो. डोळ्यातले भिंग आधी वाटले होते त्यापेक्षा नाजूक आहे असे लक्षात आल्यावर 2011 मध्ये किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याची मर्यादा वर्षाला 150 वरून 20 मिलिसिव्हर्टवर आणली. इतक्या वर्षांत काही डॉक्टरांना त्यामुळे मोतीबिंदू झाले असतील, तेव्हा कुणी दोन्हींचा संबंध लावला नसेल.

मिलिसिव्हर्ट म्हणजे काय, ते इथे सांगून टाकू. शरीराला लागलेल्या किरणांचे हे माप आहे. जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. केरळच्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूमुळे याच्या कितीतरी पट मिळतात आणि लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. छातीच्या साध्या एक्स-रेला 0.1 पेक्षाही कमी. पोटाच्या नेहमीच्या सीटी स्कॅनला मात्र 8-10 च्या आसपास. खड्यासाठी कमी मात्रेचा सीटी काढता येतो, तो 3-4 च्या आत बसतो, पण कागदावर तसे लिहून मागावे लागते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात रुग्णाला मिळणारी मात्रा किती वेळ पाय पेडलवर होता त्यावर ठरते, आणि ती सीटीच्या घरात जाऊ शकते. म्हणजे कपाटात राहिलेल्या सीडीपायी आम्ही भाईजानना जवळजवळ एका ऑपरेशनाएवढी किरणे फुकट दिली होती. डॉक्टरांनी हे हसत सांगितले. आम्हाला हसू आले नाही.

रुग्णासाठी कायद्याने अशी मर्यादा नसते, कारण फायदा त्याचाच होतो. गरज किती आणि धोका किती, हे डॉक्टरने तोलायचे असते. आत काम करणाऱ्यांसाठी मात्र मर्यादा आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषद 1983 पासून आहे, तिचे कार्यालय मुंबईतच अणुशक्तिनगरला आहे. तिच्या नियमाप्रमाणे किरणांच्या कामावरच्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. बॅज आहे तो यासाठी. बॅज ॲप्रनच्या आत छातीवर लावायचा. लॉकरात ठेवलेल्या बॅजला शून्य मिळते, आणि ते शून्य त्या माणसाच्या नावावर चढते. उद्या काही झाले तर तोच कागद त्याच्या विरुद्ध उभा राहतो.

डॉक्टरांनी हेही सांगितले की हल्ली किडनीत सुई घालायला सोनोग्राफीचा आधार घेता येतो. सोनोग्राफीत किरणे नसतात, फक्त आवाजाच्या लहरी असतात. मग सी-आर्म तार आणि नळी बरोबर बसली की नाही एवढेच बघायला लागतो. गुजरातेत नडियादला मुळजीभाई पटेल यांच्या नावाचे मूत्ररोगांचे हॉस्पिटल आहे. मुतखड्याच्या कामासाठी ते देशभर ओळखले जाते, सोनोग्राफीने सुई घालण्याचा सराव तिथे जुना आहे. तिथल्याच डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सुईएवढ्या बारीक दुर्बिणीने खडा काढण्याची पद्धत मांडली. पण सोनोग्राफीचा हात बसायला वेळ लागतो, आणि ज्याने एक्स-रेवर वीस वर्षे काम केले त्याला तो बदलायला जड जाते. आमचे डॉक्टर म्हणाले, “मी निम्मे निम्मे करतो.” हे प्रामाणिक उत्तर आम्हाला आवडले.

शेवटी आम्ही विचारले, “आत काम करणारी एखादी बाई गरोदर असेल तर?” त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले. काही ओळखले असेल तर तसे दाखवले नाही. म्हणाले, “तिने लवकर सांगायला हवे. सांगितल्यापासून बाळंत होईपर्यंत पोटातल्या बाळाला 1 मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचे नाही असा नियम आहे. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादाही तेवढीच. आणि सांगितले म्हणून तिला कामावरून काढायचे नाही, काम बदलून द्यायचे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा-मानकांत हे स्पष्ट लिहिले आहे.” थोडे थांबून ते म्हणाले, “आणि घाबरायचे नाही. ॲप्रनच्या आत फार थोडे पोचते. बाळात व्यंग येण्याची भीती 100 च्या पुढे सुरू होते, आम्ही त्याच्या जवळपासही नसतो. पण मोजलेच नाही तर मी कशाच्या भरवशावर सांगू?”

रात्री नऊ वाजता ती पुन्हा आली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही तिला डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शंभराचा आकडा ऐकून ती आधी गप्प झाली, मग दुपट्ट्याने डोळे पुसले. अडीच महिने ती मुलगी तीन वेळा सिस्टरच्या केबिनपर्यंत जाऊन परतली होती. आम्ही म्हटले, “तोंडी सांगायचे धाडस नसेल तर लिहून दे. तुला अर्जाला दहापैकी दहा होते.” ती हसली. म्हणाली, “सर, ते शाळेत.”

भाईजानच्या फाइलमधला एक कोरा कागद घेतला आणि तिने तिथेच अर्ज लिहिला. विषय: गरोदरपणामुळे क्ष-किरणांच्या कामाऐवजी दुसरे काम मिळण्याबाबत. तिने ‘कृपा करून सवलत द्यावी’ असे लिहिले होते. आम्ही ‘सवलत’ खोडले. नियमात जे आहे ते सवलत म्हणून मागायचे नसते. खाली तारीख घातली आणि सांगितले की एक प्रत काढून त्यावर ‘मिळाले’ अशी सही घे. शेवटी तिने विचारले, “आपली विश्वासू लिहू की आपली आज्ञाधारक?” आम्ही म्हटले, नाव लिही, पुरे.

सकाळी सात वाजता भाईजानना आत घेणार होते. साडेआठ झाले तरी बोलावणे नाही. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, भाईजान चिडले. “हॉस्पिटल आहे की बंदर? इथेही रांग!” आम्हाला कारण ठाऊक होते. यादीतली टेक्निशियन बदलली होती, दुसरा माणूस येईपर्यंत खोळंबा होता. आम्ही गप्प राहिलो. त्यांना अजूनही ते सांगितलेले नाही. हे पान भाईजान वाचत नाहीत, भाभी वाचतात, त्यामुळे आता कळेलच.

ऑपरेशन दीड तास चालले. डॉक्टर बाहेर आले, प्लॅस्टिकच्या डबीत खड्याचे तपकिरी तुकडे दाखवले, आणि न विचारता म्हणाले, “दोन मिनिटे दहा सेकंद.” आम्हाला आधी कळेना. मग लक्षात आले, पाय पेडलवर तेवढाच वेळ होता. यंत्र हा वेळ स्वतःच मोजते. पाच मिनिटे झाली की ते भोंगा वाजवते आणि कुणीतरी बटण दाबून त्याला गप्प करतो, असे मुलीने सांगितले होते. आम्ही ते दोन मिनिटे दहा सेकंद फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले.

घरी आल्यावर वेगळाच प्रकार. अम्मींनी नातीला भाईजानजवळ जाऊ देणे बंद केले. “त्याच्या अंगात एक्स-रे आहे, चार दिवस लांब राहा.” आम्ही समजावले की बटण बंद झाले की किरणे संपली. खोलीतला दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड उरत नाही, तसे अंगात काही उरत नाही. रुग्णाच्या कपड्यांत, ताटात, श्वासात काही येत नाही. अम्मींनी ऐकून घेतले आणि तरी दोन दिवस नातीला शेजारच्या खोलीतच झोपवले. आम्ही वाद वाढवला नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुतेक घरांतून एकेक माणूस जाऊन आलेला असतो. महाराष्ट्र खड्यांच्या पट्ट्यातच येतो, ऊन भरपूर आणि पाणी पिणे कमी. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी जुनी फिल्म आणि सीडी एका पिशवीत घालून ती दाराशी टांगून ठेवावी, आमच्यासारखी कपाटात नाही. सीटी सांगितला तर कमी मात्रेचा चालेल का, एवढे विचारावे. ऑपरेशननंतरची तपासणी सोनोग्राफीवर भागते का, तेही. मुलाला खडा झाला असेल तर हे दोन्ही प्रश्न दुप्पट जोराने विचारावेत, कारण त्याच्यापुढे आयुष्य लांब आहे. बाईची पाळी चुकली असेल तर कुठल्याही एक्स-रेआधी सांगावे, लाजून गप्प बसू नये. गरोदरपणात कळ आली तरी आधी सोनोग्राफीच करतात, आणि निभावून नेण्याचे मार्ग असतात. पण विचारताना डॉक्टरवर संशय घेतल्यासारखे विचारू नये. आणि किरणांच्या भीतीने ऑपरेशनच टाळणे हा निव्वळ वेडेपणा. अडलेला खडा किडनी घालवतो, ती परत येत नाही.

भाईजानना डॉक्टरांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले आहे. आता ट्रेलरमध्ये पाच लिटरचा कॅन असतो, आणि बंदराच्या रांगेत दुसरा एक रिकामा कॅन. त्याचा उपयोग इथे लिहीत नाही. रमजानचे काय करायचे, हे त्यांनी डॉक्टरांनाच विचारायचे ठरवले आहे. खडा पुन्हा होण्याची सवय असलेल्यांनी ते विचारावेच. इफ्तार ते सहरी या वेळात पाणी कसे भागवून प्यायचे, ते त्यांना सांगता येते.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा नुसती सोनोग्राफी झाली, किडनी स्वच्छ होती. ती मुलगी ओपीडीच्या नोंदणीच्या खिडकीत बसलेली दिसली. अर्जावर सही मिळायला तीन दिवस लागले होते. काम बदलून मिळाले, थिएटरचा भत्ता मात्र कापला गेला. कंत्राटाचे पुढे काय, ते अजून कुणी सांगितलेले नाही. तिने आम्हाला खुणेने थांबवले, लाइन संपवली आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला. भत्त्यासाठी दुसरा अर्ज होता. “सर, जरा बघून द्या ना. यात ‘सवलत’ कुठेच लिहिलेलं नाही.”